पंधरा आकडे आणि एक बंद फोन

सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालं, की दुसऱ्या दिवशी आम्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे काय येणार हे ठरलेलं असतं. साखळी तोडून पळालेली, गेटवरून उडी मारताना पोट खरचटून घेतलेली, पलंगाखालून बाहेर यायलाच तयार नसलेली कुत्री. आणि दिवसभर तोच फोन, "डॉक्टर, आमचं कुत्रं तुमच्याकडं कुणी आणलंय का?" ज्या आवाजाने आपण कौतुकाने वर बघतो, त्याच आवाजाने ते जिवाच्या आकांताने धावत सुटतं. भीती ओसरते तेव्हा ते भलत्याच पेठेत उभं असतं आणि गळ्यातला पट्टा वाटेत कुठेतरी निघून गेलेला असतो.

यंदा त्या सकाळी मी पोचले तेव्हा क्लिनिकसमोर एक रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर पिवळी लॅब्रॅडॉर कुत्री, अंगावर सोलापुरी चादर. रिक्षावाले मामा अशोक चौकाकडचे. म्हणाले, "रात्री पार्क चौकात भाडं सोडलो, तर हे येऊन रिक्षाखाली बसलं. निघायलंच नाही. कुणाचं तर पाळलेलं दिसतंय बघा. पाय टेकवंना झालंय." रात्री त्यांनी तिला घरी नेऊन दूध-भाकरी दिली होती आणि तिला ऊब मिळावी म्हणून घरातली चादर काढली होती. सकाळचा धंदा सोडून ते आले होते.

टेबलावर घेतली. वय सात-आठच्या आसपास, तोंडावर पांढरे केस आलेले, पोटावर नसबंदीच्या ऑपरेशनचा जुना फिकट व्रण. पुढच्या उजव्या पंजाच्या गादीत काचेचा तुकडा रुतलेला. जखम धुतली, काच काढली, पट्टी बांधली. या वेळात तिने एकदाही दात दाखवले नाहीत, नुसती थरथरत राहिली. माझ्या मदतनीस मुलाने तिचा फोटो शहरातल्या प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

थोड्याच वेळात जुळे सोलापुरातून एक गृहस्थ आले, सोबत आठवी-नववीतला मुलगा. त्यांची जिनी दिवाळीत फटाक्यांना घाबरून गेली होती ती परत आलीच नव्हती. मुलाने दारातूनच "जिनी!" म्हणून हाक मारली. कुत्रीने मान वळवली, शेपटी हलवली. मुलगा खाली बसून तिच्या गळ्यात पडला आणि रडायला लागला. वडिलांनी मोबाईलमधले फोटो दाखवले. तोच रंग, तीच ठेवण, वयही जवळपास तेच. रिक्षावाल्या मामांनी हात जोडले, "बरं झालं बघा, घर सापडलं."

मला मात्र पोटावरचा तो व्रण दिसत होता. "जिनीचं ऑपरेशन झालं होतं?" मी विचारलं. नव्हतं झालं. पण वडील म्हणाले, "मधले दोन-अडीच महिने कुणी सांभाळलं असेल तिला, त्यांनी करून घेतलं असेल." असं होऊ शकतं. व्रणाकडे बघून तारीख सांगता येत नाही, आणि लॅब्रॅडॉर हाक मारणाऱ्या कुणाकडेही शेपटी हलवते.

बाहेरून आलेल्या प्रत्येक जनावरावर मी रीडर फिरवते, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा नंबर वाचणारं यंत्र. चिप साधारणपणे दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली टोचतात. तिथे काहीच वाजलं नाही. बरेच जण इथेच थांबतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक होते. चिप वर्षानुवर्षांत कातडीखाली सरकते, कधी छातीवर, कधी पुढच्या पायावर उतरते. म्हणून रीडर अंगाला लागून, सावकाश, नागमोडी फिरवायचा. मानेपासून दोन्ही खांदे, छाती, कोपरापर्यंत. डाव्या कोपराच्या जरा वर तो वाजला. पडद्यावर पंधरा आकडे आले.

मुलाने मला विचारलं, "यात ती कुठं कुठं गेली ते कळतं का?" हे मोठी माणसंही विचारतात. नाही कळत. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, बारा मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड. आत बॅटरी नाही, जीपीएस नाही. रीडर १३४.२ किलोहर्ट्झची लहर सोडतो, त्या लहरीवरच चिप क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा निपचित. बॅटरीच नसल्यामुळे ती जनावराच्या जन्मभर चालते. पण त्या नंबरात मालकाचं नाव नसतं, पत्ता नसतो. नाव कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

"आम्ही चिप बसवली नव्हती," वडील म्हणाले. मुलगा लगेच म्हणाला, "ज्यांच्याकडं होती त्यांनी बसवली असेल." बरोबर होतं त्याचं. चिप कधी बसवली ते कळल्याशिवाय मला कुत्री कुणाच्याच हाती देता येत नव्हती.

ऑनलाइन नंबर टाकून बघितला, नोंद नाही. पहिले तीन आकडे नऊशेच्या पुढचे होते, म्हणजे तो चिप बनवणाऱ्या कंपनीचा संकेतांक. त्यावरून कंपनी कळली, कंपनीकडून वितरक, वितरकाकडून समजलं की हा माल पुण्यातल्या एका दवाखान्यात गेला होता. तिथल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुपारी जुनं रजिस्टर काढलं. चिपच्या पाकिटात बारकोडचे स्टिकर येतात. एक लसीकरणाच्या पुस्तकात चिकटवायचा, एक आपल्या रजिस्टरला. त्यांनी तो चिकटवला होता. सन २०१७, पिल्लू मादी, नाव सोनी.

म्हणजे जिनी हरवायच्या कितीतरी वर्षं आधीची चिप.

हे त्या मुलाला सांगणं मला जड गेलं. तो सकाळपासून तिच्याशेजारी फरशीवर बसला होता, तिला पाणी पाजत होता. मी त्याच्यासमोर बसले, स्टिकरचा फोटो दाखवला, रीडरवरचा नंबर दाखवला आणि दोन्ही त्यालाच वाचायला लावले. त्याने एकेक आकडा बोटाने ताडून बघितला. मग काही बोलला नाही, तिच्या पाठीवरचा हात मात्र काढला नाही.

रजिस्टरमधला मालकाचा फोन बंद होता. नंबरच अस्तित्वात नाही म्हणाला. त्याच्या खाली पेन्सिलने दुसरा नंबर लिहिलेला होता, मालकाच्या बहिणीचा. तो लागला. भाऊ निवृत्त होऊन सोलापुरात राहायला आलेत, होटगी रोडला, आणि रात्रभर कंबर तलावापासून सात रस्त्यापर्यंत शोधत फिरतायत, असं त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

काका-काकू तासाभरात आले. काकूंच्या पिशवीत सोनीचं लसीकरणाचं पुस्तक, पहिल्याच पानावर तोच स्टिकर. मी नंबर ताडून बघेपर्यंत काकूंनी "सोने, अगं कुठं गेली होतीस गं!" म्हटलं, आणि दिवसभर मुकाट पडून असलेली कुत्री पट्टीच्या पायावर उठून कण्हत, शेपटी आपटत त्यांच्या मांडीत शिरली. काकांनी मामांना पैसे द्यायला पाकीट काढलं. मामांनी घेतले नाहीत. "चादर तेवढी द्या," म्हणाले.

पुण्यात चिप बसवली तेव्हा ऑनलाइन नोंदणी करा असं सांगितलं होतं, ती राहून गेली होती. फोन बदलला, गाव बदललं, चिपला कोण विचारतंय? डॉक्टरांनी स्टिकर जपला आणि पेन्सिलने एक जास्तीचा नंबर लिहिला, म्हणून सोनी घरी गेली. अमेरिकेतल्या ५३ आश्रयगृहांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. भरकटून आलेल्या कुत्र्यांपैकी शंभरातली सुमारे २२ मालकाकडे परत जात, चिप असेल तर ५२. मांजरांमध्ये शंभरात दोनसुद्धा नाहीत, चिप असेल तर ३८. आणि चिप असूनही मालक का सापडत नव्हता? सगळ्यात मोठं कारण चुकीचा किंवा बंद फोन नंबर. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना २०१६ पासून आणि पाळीव मांजरांना जून २०२४ पासून चिप सक्तीची आहे. आपल्याकडे देशभर तशी सक्ती नाही, सगळ्यांची एकत्र नोंदही नाही. म्हणून तर नोंदणी आणि फोन या दोन गोष्टी आपल्याच माथी आहेत. मी आता दरवर्षी रेबीजच्या लशीला आलेल्या जनावरावर रीडर फिरवते आणि मालकाचा नंबर तिथल्या तिथे लावून बघते. दुसऱ्या घरातल्या माणसाचा नंबरही घेते. माझ्या व्यवसायबंधूंनाही हेच कळकळीने सांगणं आहे, आणि रीडर नसेल तर घ्या, गावातल्या दोघाचौघांत मिळून घ्या.

काका-काकूंनी त्याच दिवशी माझ्यासमोर नोंदणी पूर्ण केली.

जिनी अजून सापडलेली नाही. पिवळी लॅब्रॅडॉर मादी, वय सात, ऑपरेशन झालेलं नाही, अंगावर सांगण्यासारखी वेगळी खूण नाही, चिप नाही. दिवाळीच्या रात्री जुळे सोलापुरातून विजापूर रोडच्या दिशेने पळताना लोकांनी तिला शेवटचं बघितलं. त्यानंतर तुमच्या वस्तीत, शेतावर, ढाब्यावर अशी कुत्री आली असेल आणि तुम्ही तिला प्रेमाने ठेवून घेतली असेल, तर तिला "जिनी" म्हणून हाक मारून बघा आणि जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना म्हणावं, सोलापुरात एक मुलगा वाट बघतोय, तो स्वतः येऊन ओळख पटवील.