कानकोरणं

दुपारचं जेवण झालं, की माझा डावा कान खाजतो. उजवा नाही, डावाच. भाताच्या दिवशी जास्त, पोळ्यांच्या दिवशी कमी, असं माझं निरीक्षण आहे. नवरा म्हणतो, याला निरीक्षण म्हणत नाहीत, खोड म्हणतात. असेल. परवाही खिडकीशी बसून मी केसांतला आकडा काढला, त्याचं गोल टोक कानात घातलं आणि एक डोळा बारीक करून, तोंड जरासं वाकडं करून तंद्री लावली. त्या तंद्रीत माणूस कुणाचाच नसतो. दाराची बेल वाजली तरी उठत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी मला बजावलंय, ‘कानात कोपरापेक्षा बारीक काही घालायचं नाही.’ मी मान डोलावली होती. घरी येऊन आधी आकडा शोधला.

आमच्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे आणि त्यात एक पितळी कानकोरणं. रविवारी दुपारी ओटीवर उन्हाचा एक पट्टा यायचा. त्या पट्ट्यात आजी मांडी घालून बसे आणि आम्ही नातवंडं ओळीने कान द्यायला जात असू. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की लुगड्याला येणारा चुलीचा वास, वर तिचा रोखलेला श्वास आणि ‘हलू नकोस, पडदा फाटेल’ ही धमकी. त्याआधी आदल्या रात्री लसूण घालून कढवलेलं खोबरेल कानात पडलेलं असे. मग जे काही निघे ते ती डाव्या हाताच्या अंगठ्यावर घेऊन उजेडात धरायची. वैद्याने नाडी बघावी तसं बघायची. ‘कोरडाय. पोट साफ नाही तुझं.’ ‘हा बघ, काळा. उन्हात हुंदडतेस.’ आम्ही खिदळायचो. कानाच्या मळातून कधी माणूस कळतो का?

माणसाचं माहीत नाही, देवमासा कळतो.

आता देवमाशाचा कान हे प्रकरण मजेशीर आहे. एक तर तो मासा नाही आणि देव तर त्याला आपणच केलंय. त्याचं कानाचं भोक बाहेरून बंद असतं. त्यामुळे मळ बाहेर पडायला वाटच नाही, तो आतल्या आत जन्मभर साचत राहतो. निळ्या देवमाशात सहा महिन्यांचा एक थर, फिका आणि गडद आलटून पालटून. वर्ष मोजायला झाडाच्या खोडात वलयं असतात ना, तसे. देवमाशाचं वय या थरांवरून मोजायची रीत जुनीच आहे. पण टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठातल्या स्टीफन ट्रंबल आणि साशा उसेंको या दोघांनी 2013 साली त्या थरांमध्ये हार्मोन्स शोधले. 2007 साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एका जहाजाची धडक बसून एक निळा देवमासा मेला होता. त्याच्या कानातून साधारण 25 सेंटिमीटर लांबीचा मळाचा खुंट निघाला. वीतभराहून जास्त! माझी आजी असती तर सगळ्या आळीला दाखवून आली असती.

त्यांनी त्याचे थर सुटे केले आणि एकेका थरातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, मोजलं. बाराएक वर्षांचं ते पोर. सुरुवातीची वर्षं सगळं शांत. मग दहाव्या वर्षाच्या आसपास टेस्टोस्टेरॉनने अशी उसळी घेतलेली, की कुणीही सांगावं, गडी वयात आला. त्याला मिसरूड फुटायची सोय नव्हती, पण फुटलीच असती तर ती तेव्हा. शिवाय पहिल्या सहा महिन्यांच्या थरात कीटकनाशकांसारख्या टिकाऊ विषांचा मोठा वाटा होता, म्हणजे आईकडून आलेला. गर्भातून आणि दुधातून. देवमाशाची आई काय खात होती, तेसुद्धा लेकराच्या कानात लिहिलेलं.

हे वाचून मला आधी संकोचच वाटला. कुणाचं वयात येणं असं चारचौघांत वाचून दाखवावं का? आमच्या वेळी ‘कावळा शिवला’ म्हणायचे आणि विषय तिथेच संपायचा. कावळ्यावर बिचाऱ्यावर आळ. तो कधी कुणाला शिवलेला मी तरी पाहिला नाही.

पूर्वी देवमाशांच्या गर्भारपणाचा हिशेब काढायचा तर तो मेल्यावरच. शिकारीच्या जहाजांवर संशोधक उभे राहायचे आणि कापलेल्या माद्यांच्या बीजकोशांवरचे वण मोजायचे, कारण देवमाशांत ते वण जन्मभर राहतात. आता जिवंतपणीच कळतं. बाणाने चरबीचा इवलासा तुकडा काढतात. किंवा त्यांची विष्ठा गोळा करतात आणि त्यातलं प्रोजेस्टेरॉन मोजतात. मादी गाभण असली की ते कित्येक पटींनी वाढतं. पण एवढ्या समुद्रात विष्ठा शोधायची कशी? तर कुत्र्याने. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रात टकर नावाचा एक काळा कुत्रा होडीच्या नाळेवर उभा राहून ओर्कांच्या विष्ठेचा वास काढायचा. (ओर्का म्हणजे किलर व्हेल; खरं तर तो डॉल्फिनांच्या घरातला.) त्याचं मुंडकं जिकडे वळेल तिकडे होडी वळवायची. आणि गंमत म्हणजे हा टकर स्वतः पाण्यात उतरायला तयार नसे. मला तो फार आवडला. आमच्याकडेही समुद्रावर पाय भिजू नयेत म्हणून चपला हातात घेऊन वाळूत उभी राहणारी माणसं आहेत.

वॉशिंग्टन विद्यापीठातले संशोधक सॅम्युअल वासर आणि त्यांच्या मंडळींनी 2008 ते 2014 या काळातल्या त्या विष्ठेचा हिशेब मांडला. ओर्का माद्यांच्या 69 टक्क्यांपर्यंत गर्भारपणांतून पिल्लं हाताला लागलीच नाहीत. त्यांच्यात 17-18 महिने दिवस भरायचे असतात, आणि काहींची तर अगदी उशिरा गेली. कारण काय, तर उपासमार. त्यांचा चिनूक जातीचा सामन मासा कमी झाला होता. वरून कुणाला काही दिसलं नसतं. मादी पोहतेच आहे, श्वास घ्यायला वर येतेच आहे. पिल्लू बरोबर नाही, एवढंच. ते होतं, हे फक्त टकरला कळलं.

‘दिवस गेले’ हा शब्द आपल्याकडे फार विचार करून ठेवलेला दिसतो. दिवस मोजणारं कुणीतरी घरात हवं. आमच्या घरात आजी मोजायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. आईसाठी टिंब, मोठ्या काकूसाठी उभी रेघ, धाकट्या काकूसाठी फुली. अडचण एवढीच, की दुधाचा खाडा पडला तरी फुलीच. आजोबांना डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून महिनाअखेरीस ते मला स्टुलावर उभं करून म्हणायचे, ‘फुल्या मोज गं.’ मी इमानदारीत सगळ्या मोजायची. दूधवाला आणि आजोबा यांचं दरमहा भांडण. ‘भाऊ, मी दोनच दिवस नव्हतो आलो.’ ‘सहा! पोरीने मोजल्यात.’ आजी आत फोडणी जोरात घालायची आणि काकू परसात पळायची. ही गोष्ट आमच्याकडे लग्नाकार्यात अजून सांगतात आणि दरवेळी लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतात. मीही हसते.

आकडा कानात आणि डोक्यात ते ओर्का, अशी बसले असताना मला त्या गोष्टीचं शेपूट आठवलं. ते लग्नात कुणी सांगत नाही.

मी तेव्हा दुसरीत. वैशाखापासून तीन महिने भांडण झालंच नाही. फुल्या आणि दूधवाल्याचे खाडे अगदी तंतोतंत जुळले. आजोबा खूश. ‘बघ, सुधारला की नाही,’ म्हणून त्यांनी दूधवाल्याला ओसरीवर बसवून चहा पाजला होता. श्रावणात मी पुन्हा स्टुलावर चढले. फुल्या मोजल्या. पुष्कळ होत्या. एरवी चार-पाच दिवसांच्या असत, या वेळी ओळीने अकरा. मी मोठ्याने, अगदी खणखणीत सांगितल्या, ‘अकरा!’

आजोबा भांडायला उठले आणि आजी आतून आली. तिने काही सांगितलं नाही. त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आजोबा खाली बसले. त्या महिन्यात दूधवाल्याला पूर्ण पैसे मिळाले. काकू माजघरात पडून होती. तिच्यासाठी आजीने डिंकाचे लाडू केले होते आणि ते आम्हां मुलांना का मिळत नाहीत, म्हणून मी रडले होते.

कॅलेंडर वर्षअखेरीस रद्दीत जायचं.