वीझेल यांचं भाषण, नोंद सहावी: पाठ झालं, बसलं नाही

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की पाठ करून म्हणायला घेतलेलं, नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल यांचं उदासीनतेवरचं भाषण बसत आलंय. शब्द मागे घेतो. फोनवरची सगळी रेकॉर्डिंगं सलग ऐकली, आणि प्रत्येकात मी कुणाला तरी झापतोय असंच वाटलं. उदासीनतेवर बोलायचं म्हटलं की आवाज आपोआप चढतो. मूळ मजकुरात मात्र चढ फार थोडा आहे.

हे भाषण ज्यांनी अजून घेतलेलं नाही त्यांच्यासाठी: १२ एप्रिल १९९९, व्हाइट हाउस, समोर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन. कोसोव्होसाठी नाटोचे हवाई हल्ले २४ मार्चपासून सुरू होते. अशा वेळी वीझेल सुरुवात करतात ती चोपन्न वर्षांपूर्वी याच तारखेला बुखेनवाल्डच्या छळछावणीत जागा झालेल्या एका मुलाच्या गोष्टीने. अमेरिकन सैनिकांनी आदल्याच दिवशी छावणी मुक्त केलेली. तिथलं दृश्य पाहून सैनिकांना आलेल्या संतापाबद्दल तो मुलगा त्यांचा कायमचा ऋणी आहे. सगळं तृतीय पुरुषी, 'तो मुलगा', 'त्याला'. मग राष्ट्राध्यक्षांकडे वळून, ज्या सैन्याने 'मला' सोडवलं त्याचे सरसेनापती, असं म्हणतात. 'तो'चा 'मी' होतो तो असा, संबोधनाच्या पोटात, जाता जाता. मी तिथे दोन सेकंद थांबून नाट्य करत होतो. ते काढून टाकलं.

कुठलंही भाषण घेतलं की मी आधी ते स्वतःपुरतं मराठीत करतो, त्याशिवाय त्याचे सांधे दिसत नाहीत. इथे पहिल्याच शब्दाला अडलो. 'उदासीन' म्हणजे मुळात उद् + आसीन, बाजूला बसलेला. चित्र अगदी नेमकं, पण गीतेत हाच शब्द भक्ताच्या गुणांत येतो, त्यामुळे आपल्या कानाला तो पुरेसा वाईट लागत नाही. 'बेपर्वाई'त थोडा माज आहे. 'सोयरसुतक नसणं' मला फार आवडलं, पण पुढची कोटी त्यात बसेना. वीझेल मूळ इंग्रजी शब्द 'इंडिफरन्स' फोडून त्याचा अर्थ 'फरक नसणं' असा सांगतात: उजेड आणि अंधार, क्रौर्य आणि करुणा यांतली रेघच पुसट होते. दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की आपण हे रोज बोलतो. 'मला काय फरक पडतो?' कोटी आयती मिळाली.

पण खरा कस लागतो तो रूझवेल्टच्या परिच्छेदात. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले तो दिवस १२ एप्रिल १९४५, म्हणजे भाषणाचीच तारीख. आधी त्यांचा मोठेपणा मनापासून मान्य केलाय, आणि मग 'सेंट लुइस' जहाज येतं. १९३९ साली जवळजवळ हजार ज्यू निर्वासित घेऊन ते अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं आणि परत पाठवलं गेलं. (भाषणात ते थेट नाझी जर्मनीत परतल्यासारखं ऐकू येतं. प्रत्यक्षात प्रवाशांना ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सने घेतलं, आणि पुढे युद्धात त्यांतले अडीचशेच्या वर मारले गेले. मी मजकूर बदललेला नाही, पण हा तपशील असता तर मुद्दा अजून जड झाला असता असं माझं मत.) इथे आरोपाचं वाक्य येईल असं वाटतं. येतं ते 'मला कळत नाही'. माणूस चांगला होता, मनाचा चांगला होता, मग त्यांना उतरू का दिलं नाही?

कारागिरी आहे ती इथे. आधी मानलेले आभार पोकळ असते, तर हा प्रश्न टोमणा ठरला असता. ते खरे आहेत म्हणून समोरच्याला कान झटकून टाकता येत नाहीत. गुलामगिरीतून सुटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ ला अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये साधारण हाच रस्ता धरला होता: स्वातंत्र्य मिळवणाऱ्यांची भरपूर स्तुती, आणि मग हा ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन तुमचा, माझा नाही. तिथे धार कितीतरी उघडी आहे, ते भाषण मी आवाजाला झेपेल तेव्हा घेईन.

पुढे मेरी फिशर, ह्यूस्टन, १९९२. एचआयव्हीची लागण झालेली बाई स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात उभी आहे आणि दोष देताना 'आपण' म्हणते. पाठांतर सुरू केलंय, अजून दोनच परिच्छेद झालेत.

वीझेलचं अकरावं रेकॉर्डिंग काल केलं. 'मला कळत नाही' म्हटल्यावर पुढची ओळ खरोखरच विसरलो आणि चाचपडत राहिलो. ऐकताना तेवढीच जागा बरोबर लागलेली आहे. आता ओळ आठवत असताना ते जमवायचंय.