पातं तेलात जातं तेव्हा

‘फोर्ज्ड इन फायर’ ही २०१५ साली सुरू झालेली, शस्त्रं घडवण्याची अमेरिकन टीव्ही स्पर्धा मला मनापासून आवडते. चार लोहार, तीन फेऱ्या, जिंकणाऱ्याला १०,००० डॉलर.

जीव अडकतो तो पात्याला पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं झटकन थंड करताना. लालबुंद पातं तेलात जातं, भडका उडतो आणि बारीकसा ‘टिंग’ आला की समजायचं, तडा गेला! झटकन थंड झालेलं पोलाद कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा मंद तापवायचं. बाबांनी जन्मभर भोसरीत हीट ट्रीटमेंटचंच काम केलं. ते पुढे सरकून म्हणतात, “रंग बघ रंग, जास्त तापवलंय त्यानं.” बहुतेक वेळा बरोबर निघतात.

पहिल्याच सीझनमध्ये आपलं चक्र, म्हणजे फेकून मारायचं गोल धारदार शस्त्र, घडवायचं होतं. पातं का मोडलं, हे परीक्षक नीट समजावतात, ते फार भावतं.