माटुंग्याच्या इमारतीचा मूळ नकाशा शोधताना

आमची इमारत माटुंगा पूर्वेची, १९३०च्या दशकात बांधलेली, तळमजला आणि वर दोन मजले. भाडेकरूंची, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी. पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालं आणि एकच प्रश्न प्रत्येक घरातून येऊ लागला: आपली जागा मुळात केवढी? मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली जुन्या भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं, त्याहून मोठी जागा असेल तर साधारणपणे आहे तेवढी. पण ज्या इमारतीत कुणी बाल्कनी बंद करून घेतली, कुणी मधली भिंत काढली, तिथे ‘आहे तेवढी’ हे आज टेप लावून ठरत नाही. तिकडे स्ट्रक्चरल ऑडिटवाले इंजिनिअरही विचारत होते की भार भिंतींवर आहे की कॉलमवर. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कागदात होतं, मंजूर नकाशात. मी भाडेकरू संघाची चिटणीस, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच रेकॉर्ड रूममध्ये मी पत्ता सांगितला: इमारतीचं नाव, रस्ता, पिनकोड. तिथल्या वयस्कर कर्मचाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, “ताई, पत्ता नको. प्लॉट नंबर आणा, ट्रस्टचा.”

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्तीला पर्याय म्हणून त्यानं उत्तरेकडे दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना आखल्या, प्लॉट पाडले आणि ते भाडेपट्ट्यानं दिले. शीवला आजही पत्त्यात ‘स्कीम नंबर ६’ लिहितात, तो आकडा तिथला. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि जमिनी महापालिकेच्या झाल्या. त्यामुळे आमच्यासारख्या इमारतीचे कागद दोन वाटांनी जातात. एक वाट जमीनमालक म्हणून ट्रस्टची, जी आता मालमत्ता विभागाकडे आहे. दुसरी बांधकामाला परवानगी देणाऱ्या महापालिकेची. १८८८च्या महापालिका कायद्यात नव्या बांधकामाची नोटीस कलम ३३७ खाली आणि फेरबदलाची कलम ३४२ खाली, म्हणून नंतरच्या बदलांचे कागद मूळ फाइलमध्येच सापडतील असं धरून चालता येत नाही.

मग मी नकाशा शोधणं थांबवलं आणि नंबर गोळा करायला लागले. शहर भूमापनातून मालमत्ता पत्रक काढलं. त्यावर माटुंगा विभागाचा सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे भूमापनाचा) नंबर आणि जमीन भाडेपट्ट्याची असल्याची नोंद होती. घरमालकांच्या कुटुंबानं आपणहून भाडेपट्ट्याच्या कराराची प्रत दिली, त्यात योजनेचा प्लॉट नंबर मिळाला. एफ उत्तर वॉर्डातून करआकारणीचा जुना उतारा काढला, त्यावर त्या काळचा वॉर्ड नंबर आणि रस्त्याचा नंबर निघाला. एकाच इमारतीची ही वेगवेगळ्या काळांतली नावंच म्हणायची. ती एका तक्त्यात मांडली आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला तो तक्ता जोडला.

१९६१-६२च्या इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्टबद्दल, म्हणजे करआकारणीच्या तपासणीच्या उताऱ्याबद्दल, मुद्दाम सांगायला हवं. कर ठरवण्यासाठी तपासनीस घरोघर जायचे आणि खोली, भाडेकरू, भाडं असं सगळं लिहायचे, कारण तेव्हा कर भाड्यावरून ठरत होता. त्यात आमच्या मजल्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव आहे, पुढे खोल्या आणि पुढे भाडं. शेजारच्या खोलीत जे कुटुंब होतं, त्यांची आता इमारतीत कुणालाही आठवण नाही. भाडेकरूपण सिद्ध करायला हा कागद फार मोलाचा आहे. नकाशा मिळो न मिळो, हा उतारा आधी काढून ठेवा.

नंबर हाती आल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय. मी थेट नकाशाची प्रत मागितली नाही. कलम २(जे) खाली त्या काळच्या नोंदवहीची आणि फाइलची प्रत्यक्ष पाहणी मागितली. प्रत मागितली की शोधणाऱ्यानं शोधायचं आणि आपण वाट बघायची. पाहणी मागितली की आपणही त्या वहीसमोर बसतो. एका कार्यालयातून ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं, तेव्हा पहिलं अपील केलं. माहिती नाकारण्याची कारणं कायद्यात मोजून दिली आहेत आणि फाइल न सापडणं हे त्यातलं कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये अशा प्रकरणात कसून शोध घ्यायला हवा असं म्हटलं होतं, तो निकाल अपिलाला जोडला. सुनावणीनंतर शोध झाला आणि जुन्या प्लॉट नंबराखाली बांधलेल्या गठ्ठ्यात फाइल निघाली.

नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईनं काढलेला होता. मापं फुटांत आणि इंचांत, कडेला सही आणि शिक्का. घडीवर कापड विरलं होतं, म्हणून ते उघडताना मी हात लावला नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांनीच दोन हातांनी उलगडलं. फोटो काढायची परवानगी लेखी घेतली होती. आधी पूर्ण पानाचा फोटो घेतला, मग शिक्का आणि तारीख, मग एकेक मजला.

मागच्या बाजूला लोखंडी गोल जिना दाखवलेला होता, प्रत्येक मजल्यावर संडासाच्या मागच्या दाराशी पोचणारा. सफाईला येणाऱ्यांनी पुढच्या जिन्यानं चढू नये म्हणून ही वाट वेगळी काढलेली. आज त्या जिन्यावर आम्ही कुंड्या ठेवतो. ज्या माणसांसाठी तो बांधला त्यांना घरातून जायची मुभा नव्हती, हे मंजुरीच्या शिक्क्यासह इतकं स्वच्छ काढलेलं पाहून मला फार वाईट वाटलं. आमच्या इमारतीची एवढी सुबक आखणी जातीला धरून झाली होती आणि तिच्या इतिहासात तेही लिहिलं गेलं पाहिजे.

इंजिनिअरना हवं होतं ते मिळालं. नकाशात आरसीसी कॉलम आणि बीम स्पष्ट आहेत, म्हणजे स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंती भार घेणाऱ्या नाहीत. रस्त्याकडच्या बाल्कन्या उघड्या दाखवल्या आहेत, त्यामुळे ज्यांनी त्या बंद केल्या त्यांच्या क्षेत्राचा हिशोब नव्यानं मांडावा लागला. दोन घरं नाराज आहेत. त्यांच्या फेरबदलाला पूर्वी परवानगी घेतली होती का, हे कलम ३४२च्या कागदांत बघायचं आहे आणि तो अर्ज मी केला आहे.

प्रमाणित प्रत घेताना प्रत्येक पानावर शिक्का आहे ना, आणि नकाशाचा कडेचा मजकूर झेरॉक्समध्ये कापला गेला नाही ना, हे खिडकीवरच तपासा. मोठ्या आकाराची प्रत तिथे निघत नसेल तर तसं लिहून घेऊन स्कॅन मागा. आमची स्कॅन प्रत आणि नंबरांचा तक्ता आता प्रत्येक भाडेकरूकडे आहे.