ती बाटली उभी का राहत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण कपाटातल्या त्या आडव्या, अंड्याच्या घाटाच्या बाटलीकडे बोट दाखवून हेच विचारतो: ही कशाची, आणि किती जुनी?

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर मिळाली. विकणारा म्हणाला, आग विझवायचा काचेचा गोळा आहे. असे गोळे होते खरे, मिठाचं पाणी भरून आगीवर फेकायचे. पण ते आपटताच फुटायला हवेत, म्हणून त्यांची काच पातळ. ही उचलली की मनगटाला वजन कळतं. इतकी जाड काच फोडण्यासाठी कोण करेल? आत दाब कोंडायचा असेल तरच करतात.

ही सोडावॉटरची बाटली. उभ्या बाटलीचं बूच सुकून आकसतं आणि गॅस निघून जातो. आडवी ठेवली की बूच भिजलेलं राहतं, फुगून घट्ट बसतं. कुणी चुकूनही उभी ठेवू नये म्हणून तिला बसायला बूडच दिलेलं नाही! विल्यम हॅमिल्टन यांच्या 1809 च्या पेटंटात हा घाट आहे, म्हणून संग्राहक तिला हॅमिल्टन बाटली म्हणतात. माझ्या बाटलीवरचे घासल्याचे ओरखडे सगळे पोटाभोवती आहेत, टोकाला एकही नाही. ती कशी जगली हे त्या ओरखड्यांत दिसतं, आणि म्हणूनच मी ते पॉलिश करू देत नाही.

वय मात्र तोंडावरून कळतं. साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर जी बारीक रेघ उठते, त्या सांध्यावरून नख वर नेत जा. माझ्या बाटलीत तो सांधा गळ्यापाशी विरतो, ओठापर्यंत पोचत नाही. म्हणजे अंग साच्यात फुंकलं आणि ओठ नंतर हातानं घडवला. अमेरिकेत मायकल ओवेन्स यांचं बाटल्या करणारं यंत्र 1903 च्या सुमारास आलं. यंत्रावरच्या बाटलीत सांधा थेट ओठावरून जातो. म्हणून मी हिला 1870 ते 1910 मधली मानतो. याहून नेमकं साल मी सांगणार नाही. काचेतले बुडबुडे दाखवून कुणी जुनेपणा सिद्ध करू लागलं, तर तेही मानू नका. बुडबुडे नव्या, हातानं फुंकलेल्या काचेतही असतात.

गोटी सोड्याच्या बाटलीबद्दलही विचारता. हिरम कॉड यांनी ती रचना 1870 च्या दशकात आणली, पण आपल्याकडे अशा बाटल्या आजही भरल्या जातात. घाटाचं वय एक, हातातल्या बाटलीचं दुसरं. आजोबांची म्हणून जपलेली बाटली बरीच अलीकडची निघाली की माणसं हिरमुसतात, आणि मलाच वाईट वाटतं. आजोबा तिच्यातून सोडा प्यायले, हे तर खरंच असतं ना?

बाटलीचं वय विचारायला पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा अख्ख्या बाटलीचा एकच पुरे. बाकीचे तोंडाचे काढा, अगदी जवळून, बाजूनं उजेड घेऊन.