लाहौलला फोन लागला एकदाचा

मामेभाऊ हिमाचलमधल्या लाहौलमध्ये, केलाँगच्या पुढे एका छोट्या गावात राहतो. बर्फ पडायला लागल्यापासून फोन लागतच नव्हता. आज घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली होती, तेव्हा लागला. "बोल पटकन, छतावर आहे," म्हणाला. सकाळपासून फावड्याने बर्फ खाली ढकलतोय. तिथली जुनी घरं सपाट मातीच्या छताची. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 100 किलो, तोच दबून ओला झाला की 300 च्या वर. शिवाय वितळला की छत गळतं. म्हणून पडेल तसा काढायचा, मध्यरात्र का असेना. पाणी गोठू नये म्हणून नळाची बारीक धार रात्रभर सुरू. (आमच्या सोसायटीत कुणी करून बघा, सकाळी नोटीस!)

2020 मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगची खिंड चढावी लागत नाही हे खरं, पण बोगद्यापर्यंतचा रस्ताच बर्फाखाली गेल्यावर काय करणार? लाकडं, बटाटे, वाळवलेल्या भाज्या थंडीआधीच भरून ठेवल्यात म्हणे.

घरी आईला सांगितलं. ती ठाण्याच्या 18 अंशांत स्वेटर घालून बसलेली. पहिला प्रश्न, "जेवला का तो?" दुसरा, "कुरिअर जातं का तिथे? डिंकाचे लाडू पाठवते." रस्ता उघडेपर्यंत ते डब्यात उरतील, याची खात्री मी देत नाही.