ड्रॉप सीचा बेस आणि मिरजेची घोडी

मिरजेत आमचं काम तंबोऱ्या-सतारीचं, पण सांगलीची कॉलेजची पोरं गिटारही घेऊन येतात. परवा चार तारांचा बेस गिटार आला, 34 इंची स्केलचा, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी 34 इंच. "काका, जाड तार पडद्यांवर फडफडते. घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज) उचलून द्या." घोडी आधीच कुणीतरी इतकी उचललेली, की बाराव्या पडद्याशी तारेखालून पेन्सिल गेली असती.

बँड वाजवतो ड्रॉप सीमध्ये: जाड तार ईवरून सीवर, बाकी तिन्ही एकेक सूर खाली, म्हणजे सी-जी-सी-एफ. तारा मात्र नेहमीच्याच, 45-65-85-105 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). दुखणं तिथं होतं. ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ई 41.2 हर्ट्झ, सी 32.7, म्हणजे ताण 63 टक्केच उरतो. 18 किलोच्या आसपास ताणलेली तार साडेअकरावर आली, तर झोका घेणारच. घोडी उचलून फडफड थोडी कमी होते, पण दाबताना सूर चढतो. जवारी, म्हणजे तंबोऱ्याची गुंजती झणझण, काढायला घोडी तासणं आमचा धंदा. इथं घोडीचा काही दोषच नव्हता.

पोरगा तयारीनं आला होता, पिशवीत पाचतारी सेट. "यातल्या जाड चार टाकू." 130ची तार सीला छान बसते, साडेसतरा किलोवर. पण 105ची जीला ओढली की 25 किलो! 85 आणि 65चंही तेच, ताण 40 टक्के जास्त. दांडी वाकेल आणि बोटं सोलतील.

एक सूर उतरवला की ताण 20 टक्के घटतो, जाडी 12 टक्के वाढवली की भरून निघतो. म्हणून त्याच्या जवळपास जाणारा 50-70-90-110चा सेट घ्यायचा, 110 बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी 130.

130 म्हणजे 3.3 मिलिमीटर. नटच्या (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) जुन्या खाचेत दामटली तर अडकते, खुंटी पिळताना टकटक उड्या मारते. जुन्या 105वर बारीक पॉलिशपेपर गुंडाळून खाच रुंद केली, खोल होऊ दिली नाही. तार खुंटीपुढे चार बोटं सोडून आधी काटकोनात वाकवायची, वाकाच्या पुढं तोडायची. सरळ तोडली तर वरचा वेढा गाभ्यावर सैल होऊन तार मुकी होऊ शकते, आणि सुटी जाड तार स्वस्त नसते.

सुरात आणल्यावरच दांडी तपासायची: पहिला आणि शेवटचा पडदा दाबून सातव्याशी 0.3 ते 0.4 मिलिमीटर फट. ट्रसरॉड, म्हणजे दांडीतली वाक सुधारणारी सळई, एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. मग घोडी उतरवली, जाड तारेखाली बाराव्या पडद्याशी अडीच मिलिमीटर. बाराव्यावर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथंच तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) चढा लागत होता, म्हणून सॅडल, म्हणजे घोडीवरचा तारेचा सरकता टेकू, मागं. ते शेवटाला टेकलं. त्याची स्प्रिंग काढल्यावर उरलेली जागा मिळाली. क्लिपचा ट्यूनर खालच्या सीला गडबडतो, तेव्हा बाराव्याच्या हार्मोनिकवरच 65.4 हर्ट्झला सूर लावून घ्यायचा.

जाताना पोराला सांगितलं, ही तार परत ईला चढवू नकोस, ताण 28 किलोवर जाईल.